पेन्सिलीच्या खुणांची ज्ञानेश्वरी

ताई, नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. वय ६१. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. ते गेले त्या वर्षी एका नातेवाईकांनी सार्थ ज्ञानेश्वरी हातात ठेवली आणि रोज २५ ओव्या वाच म्हणाले. तेव्हापासून पहाटे पाणी भरून झालं की मी वाचायला बसते. समासात पेन्सिलीनं लिहिते. कधी अर्थ, कधी शंका, कधी घरातलंच काही. सध्या नववी खेप चालू आहे, तेरावा अध्याय.

सहा महिन्यांपूर्वी सोसायटीत आम्ही दहाजणींनी वाचनकट्टा सुरू केला. शनिवारी संध्याकाळी जमायचं आणि आपण काय वाचतो, कसं वाचतो ते एकमेकींना सांगायचं. सगळ्या बोलल्या, मी अजून बोललेले नाही. सासूबाई म्हणायच्या, साधना बोलून दाखवली की सरते. आणि तेराव्या अध्यायात माउलीही तेच सांगतात, शेतकरी पेरलेलं झाकतो तसं पुण्य झाकावं. मग मी काय सांगू? एक मैत्रीण माझी खुणांची प्रत महिनाभर वाचायला मागते आहे. नाही म्हणवत नाही आणि द्यायला जीवही होत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे. एका शनिवारी आमच्यातल्या एक ताई 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घेऊन आल्या होत्या. बोलायला सुरुवात केली तेवढ्यात एकजण म्हणाली, "आज आपण आध्यात्मिक पुस्तकांवर बोलायचं ठरवलंय ना?" त्या गप्प झाल्या, पुस्तक पिशवीत ठेवलं. मीही काही बोलले नाही. त्यानंतर दोन शनिवार त्या आल्या नाहीत.

आता सगळ्यांनी मिळून एक पुस्तक वाचायचं ठरतं आहे. कोणतं सुचवाल?

– एक वाचक

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी तेरावा अध्याय काढून बसले. ज्ञानाची लक्षणं सांगताना गीता 'अदंभित्व', म्हणजे दिखावा नसणं, हा एक शब्द उच्चारून पुढे जाते. माउली मात्र त्या शब्दापाशी थांबतात आणि दाखल्यामागून दाखले देतात. गाय दूध चोरते, धनवंत आडरानात धन लपवतो, शेतकरी पेरलेल्यावर मातीचं पांघरूण घालतो, तसा तो माणूस आपलं दानपुण्य झाकतो. तुम्ही नेमक्या ह्या ओव्यांपाशी थबकलात, ते बरंच झालं. तिथूनच बोलू.

आमची जमीन सिन्नर तालुक्यात, कोरडवाहू. पाऊस झाला की बाजरीची पेरणी. वडील पाभर हाकायचे, आई चाड्यावर मूठ धरायची, आणि आम्ही पोरं मागून बाभळीची फांदी ओढत चालायचो. फांदीनं माती लोटली जायची आणि तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, बुजायचे. कुठे तास उघडा राहिला की वडील मागे वळून ओरडायचे, कारण उघडं बी चिमण्या टिपतात आणि उन्हानं ओल उडून जाते. झाकायचं ते एवढ्यासाठी. पण बाजरी वर आल्यावर ती कुणी झाकली नाही. कणसं भरली की पहिली शेजारी जायची, मग आमच्या घरात.

तुमचं बी कोणतं, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. नऊ वर्षं, नऊ खेपा, पहाटेची वेळ, यजमान गेल्यावर हातात आलेलं पुस्तक, वाचताना कधी डोळे भरून आले असतील ते. हे मातीखाली असू द्या. सासूबाई सांगायच्या ते खोटं नाही. मी अशा बैठकांना पुष्कळ वर्षं जाते आहे आणि एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. कुणी मनापासून, काही वाईट हेतू नसताना सांगतं, "माझी इतकी पारायणं झाली." लगेच खोलीतली हवा बदलते. बसमध्ये ऑफिसला जाता-येता पाच ओव्या वाचणारी एखादी मुलगी असते, ती त्यानंतर तोंड उघडत नाही. आकडा सांगणारीचंही पुढे वाचनात मन राहत नाही, पुढच्या आकड्यात राहतं. साधना सरते म्हणतात ती अशी.

पण ओवी तुमच्या एकटीची नाही. ज्ञानेश्वरी बंद खोलीत बसून लिहिलेला ग्रंथ नव्हे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ती श्रोत्यांपुढे बोलली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतली. पानोपानी माउली श्रोत्यांशी बोलताना दिसतात. नववा अध्याय सुरू होतो तोच मुळी श्रोत्यांकडे अवधान मागत. दासबोध उघडा, पहिल्या ओवीत श्रोते विचारताहेत, हा ग्रंथ कोणता, ह्यात काय सांगितलंय, ऐकून काय मिळतं. म्हणजे आपल्या मराठीतले हे दोन मोठे ग्रंथ ज्या बैठकीतून उभे राहिले, तिच्यात आणि तुमच्या शनिवारच्या बैठकीत फारसं अंतर नाही. अशा ठिकाणी बसून ज्ञानेश्वरीबद्दल गप्प राहणं मला काही पटत नाही, ताई.

मग सांगायचं काय? एकच ओवी न्या. आवडती नको, जिच्यापाशी तुम्ही अडलात ती न्या. तुमच्याकडे नऊ वर्षांची पेन्सिल आहे. एखादी ओवी अशी नक्की सापडेल जिच्या समासात तुम्ही पहिल्या वर्षी एक लिहिलंय आणि नंतर कधीतरी त्याच्या शेजारी वेगळंच. ती ओवी दोनदा मोठ्यानं वाचा. पहिल्यांदा नुसता नाद ऐकू द्या, कारण सातशे वर्षांपूर्वीची मराठी कानाला आधी परकी वाटते आणि दुसऱ्या वाचनात ओळखीची होते. जुन्या शब्दांचे अर्थ सांगा. मग सांगा, की आधी मला हे असं वाटलं होतं, आता असं वाटतंय, आणि इतकं अजून उमगलेलं नाही. दहा मिनिटांत होतं. "उमगलेलं नाही" हे सांगायला मात्र विसरू नका, त्याच वाक्यानंतर बाकीच्या बोलायला लागतात. आणि कुणी विचारलंच, की किती वेळा वाचून झाली, तर म्हणा, "रोज थोडी थोडी वाचते." ह्यात खोटं काही नाही.

आता प्रतीचं. ती देऊ नका.

हे मी इतकं ठामपणे का सांगते, त्याला कारण आहे. माझे वडील शाळामास्तर. त्यांच्याकडे एक दासबोध होता. दिवसाला एक समास, म्हणजे त्यातलं एक प्रकरण, वाचायचे आणि झाल्यावर पानाच्या कडेला निळ्या-काळ्या शाईनं तारीख घालायचे, पुढे चार शब्द. 'आज पाऊस.' 'अक्काचं ठरलं.' 'बैल विकला.' वीस दशक, दोनशे समास, म्हणजे साधारण सात महिन्यांत एक वाचन व्हायचं. एकाच पानावर चार-पाच वर्षांचे दिवस एकाखाली एक जमले होते. ते गेल्यावर एका शेजाऱ्यांनी तो वाचायला मागितला. भला माणूस, वडिलांचा आदर करणारा. चार महिन्यांनी त्यांनी पुस्तक आणून दिलं ते नव्या कापडी बांधणीत. पानं सुटली होती म्हणून स्वतःच्या पैशानं बांधून घेतलं होतं. मी उघडलं. बाइंडरनं पानं सारखी करायला तिन्ही बाजू मशीनवर कापल्या होत्या. 'आज पा' एवढं उरलं होतं. 'अक्काचं' मधला 'अ' गेला होता. तारखांचे निम्मे आकडे तुटले होते. शेजारी समोर उभे होते, आनंदात. मी चहा ठेवला. त्यांना काय बोलणार? चूक माझी होती. पुस्तक देताना मी त्यांना सांगितलंच नव्हतं, की ह्या पुस्तकात खरं पुस्तक कुठे आहे.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक संस्कृत श्लोक लिहून ठेवत. पोथीच म्हणते आहे, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. घट्ट बांधणीपासून राख, असं कुणी लिहिलं नाही. त्या काळी कटिंग मशीन नव्हतं.

दुसरंही एक कारण आहे, आणि ते तुमच्या मैत्रिणीच्या भल्याचं आहे. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शेवटी त्यांनी बजावून ठेवलंय, की ह्यात जो कुणी आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. तुमच्या खुणा म्हणजे नरोटी, असं मी अजिबात म्हणत नाही. तुमच्यासाठी त्या ताटातल्याच आहेत. पण मैत्रीण ती प्रत उघडेल तेव्हा तिची नजर आधी तुमच्या पेन्सिलीवर जाईल आणि मग ओवीवर. पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसाला कोरा समास मिळायला हवा.

तिला सरळ सांगा, "ह्या प्रतीत माझं घरातलं लिहिलेलं आहे गं, ती नाही देता येणार. पण आपण बरोबर वाचू." समजून घेईल ती. सार्थ ज्ञानेश्वरी सहज मिळते, सार्वजनिक वाचनालयातून आणता येईल, किंवा तुमच्याकडून एक नवी प्रत भेट द्या. आठवड्यातली एक दुपार ठरवा. तुमची तुमच्या मांडीवर, तिची तिच्या. तुम्हाला वाटेल ती खूण तुम्ही वाचून दाखवा, वाटणार नाही त्यावरून पुढे जा. आणि तिच्या हातात आधीच एक पेन्सिल ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्ही मला पत्र लिहिलंत, असं मला वाटतं, तिच्याकडे येते. पत्रात ती शेवटी आली आहे, पण झोप तिनंच मोडली असणार.

त्या ताईंनी पुस्तक पिशवीत ठेवलं, हे तुम्ही पाहिलंत आणि लक्षात ठेवलंत. आपण ज्या गावात राहतो त्या गावात हे व्हायला नको होतं. काळाराम मंदिर तुमच्या घरापासून रिक्षानं किती दूर आहे? २ मार्च १९३० ला त्याच्या दारापाशी अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, दादासाहेब गायकवाड होते, हजारो माणसं होती. दार उघडलं नाही. लढा वर्षानुवर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढची एकवीस वर्षं त्यांनी धर्माचाच विचार केला, १९५६ मध्ये दीक्षा घेतली, आणि त्या विचाराचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली, छापून आलं. तेच पुस्तक त्या ताईंच्या पिशवीत होतं. माणसानं कसं जगावं, दुःख कशानं येतं, ते कसं संपतं, ह्यावर लिहिलेलं पुस्तक आध्यात्मिक आहे की नाही, असा प्रश्न तुमच्या बैठकीत विचारला गेला.

ज्यांनी तो विचारला त्या वाईट असतील असं मी म्हणत नाही. आपल्यापैकी बऱ्याचजणींना 'आध्यात्मिक' म्हटलं की देवघरातलं कपाटच आठवतं. पण एक गोष्ट तुम्ही त्यांना सांगू शकाल, आणि ती ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या बाईनंच सांगायला हवी. १९२७ साली बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक काढलं. त्याच्या शिरोभागी काय छापलेलं असे, माहीत आहे? ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातल्या ओव्या. हाती धनुष्य घेऊन रथावर चढ, असं जिथे अर्जुनाला सांगितलंय, त्या. त्याआधी १९२० मध्ये निघालेल्या 'मूकनायक'वर तुकोबांचा अभंग असे. १९४८ सालचं अस्पृश्यांवरचं आपलं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तिघा संतांना अर्पण केलं. तुम्ही पहाटे जो ग्रंथ उघडता तो त्यांच्याही टेबलावर होता. दार बंद असताना त्यांनी तो वाचला.

आणि वाचनाची रीत पाहिलीत तर ती किती जवळची आहे! आपल्याकडे आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात घराघरांत पोथी लागते. बौद्ध विहारांत आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, आणि त्या तीन महिन्यांत अनेक ठिकाणी ह्याच ग्रंथाचं रोज थोडं थोडं वाचन होतं. एकजण वाचतं, बाकीचे ऐकतात. बाबासाहेबांनी ग्रंथाची रचनाही तशीच केली आहे, खंड, भाग, आणि छोटे छोटे क्रमांक घातलेले परिच्छेद. तोच पाऊस, जवळजवळ तेच महिने, आणि दोन घरांत दोन ग्रंथ उघडलेले. त्या ताई बहुधा तुमच्यासारख्याच रोज वाचत असतील. त्याही कुठेतरी अडत असतील.

तुम्ही त्या वेळी बोलला नाहीत ह्याचं ओझं वाहताय, ते दिसतं. मीही अशा वेळी गप्प बसलेली आहे, आणि नंतर कितीतरी दिवस मनातल्या मनात ते वाक्य बोलत राहिले जे तिथे बोलायला हवं होतं. मनात बोलून काही होत नाही. फोन करा. मैत्रीण, कट्टा, सगळ्यांच्या वतीनं वगैरे काही नको. तुमच्या स्वतःच्या वतीनं करा. "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, बोलले नाही, माझं चुकलं." एवढंच. "त्यांच्या मनात तसं काही नव्हतं हो" असं पुढे जोडू नका. त्यांना लागलं की नाही ते त्या ठरवतील. आणि येत्या शनिवारी त्या आल्या तर आधी त्यांना बोलू द्या, तुमची ओवी त्यानंतर. नाही आल्या तरी त्यांच्यावर रुसू नका.

सगळ्यांनी मिळून वाचायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. बाई आपल्याच नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८ चा. नवरा, कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि ह्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईच्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. पुढे पाच वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही नवऱ्यानं सांगितलं म्हणून नव्हे. सोवळं त्यांच्या मनातून कसं सुटत गेलं, ते त्या चूल, पाणी, जेवणाची पंगत ह्यांतून सांगतात. उपदेश कुठेच नाही. ह्या पुस्तकावर बोलताना तुमच्या दहाजणींपैकी कुणालाही "हे आमचं नाही" असं म्हणता येणार नाही, आणि "हे फक्त आमचं" असंही नाही. दर शनिवारी वीसेक पानं मोठ्यानं वाचा, आळीपाळीनं. हसाल पुष्कळ.

पण त्याच्या आधी तो फोन. आणि फोनवर त्या ताईंना एक विचारा, की तुमचं पुस्तक मला काही दिवस वाचायला मिळेल का. त्या म्हणाल्या, की त्यात माझ्या खुणा आहेत, नाही देत, तर तुम्हाला त्याचं कारण सांगावं लागणार नाही. मग म्हणा, मीच येते तुमच्याकडे, तुम्ही वाचा, मी ऐकते.

काय झालं ते मला कळवा.

तुमची,
ताई